आसारी धरणारीची काइट

आमच्या येवल्यात संक्रांत तीन दिवसांची. भोगी, संक्रांत आणि कर. तिन्ही दिवस गाव गच्चीवर असतं, हलकडी वाजत असते आणि कापलेल्या पतंगांमागे पोरं गल्लीबोळांतून धावत असतात. आमच्या गच्चीवर कामं वाटलेली होती. दादा पतंग उडवायचा आणि मी त्याच्या मागे आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, धरून उभी राहायची. ‘ढील दे’ म्हटलं की आसारी मोकळी सोडायची, ‘गुंडाळ’ म्हटलं की भराभर गुंडाळायची. दहा-बारा संक्रांती अशा गेल्या. मांजाचा ताण माझ्या तळहातांना कळायचा, पतंग मात्र दादाचा असायचा.

वयाच्या ४१व्या वर्षी मी गोव्यात, मोरजीच्या किनाऱ्यावर, काइटसर्फिंग शिकायला लागले. कमरेला हार्नेस, पायांखाली फळी, हातात बार, बारपासून निघालेल्या वीस-बावीस मीटर लांबीच्या चार दोऱ्या आणि त्यांच्या टोकाला काइट. ती वाऱ्यात उभी राहते आणि आपल्याला पाण्यावरून ओढून नेते. (पतंग ‘तो’ आणि काइट ‘ती’, अशी वाटणी माझ्या तोंडी आपोआप झाली आहे. इथेही ती तशीच राहू देते.) तीन हंगाम झाले आता. पहिली काइट मी चुकीची घेतली, दुसरी बरोबर. त्या दोन खरेद्यांच्या मधल्या काळात जे कळत गेलं, ते हे.

१. पतंगाची सवय हातात मुरलेली असते आणि ती नको तेव्हा जागी होते. पहिल्या दिवशी वाळूवर तीन चौरस मीटरची सरावाची छोटी काइट दिली, ती मी छान उडवली. शिकवणारा मोरजीचाच, बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. तो खूश झाला, मी त्याहून. दुसऱ्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात सात मीटरची खरी काइट हातात आली. एकदा ती एका अंगाला कलली आणि मी बार सोडून सरळ दोरीच पकडली. गच्चीवर पतंग गोता खायला लागला की मांजा हातात घेऊन दोन हिसके देतात, हे मी शेकडो वेळा पाहिलेलं. “बाय, दोरी सोड गो!” तो ओरडला. सोडली, पण तेवढ्यात दोन बोटांवरून दोरी सरकून गेली होती आणि कातडी पांढरी पडली होती. या दोऱ्या डायनीमाच्या असतात, बारीक आणि पोलादी तारेसारख्या चिवट. ताणलेल्या दोरीचा वेढा बोटाला पडला तर बोटच जाऊ शकतं. येवल्यात आम्ही मांजासाठी बोटांना चिकटपट्टी गुंडाळून बसायचो. इथे काइट हवेत असताना दोरीला हात लावायचाच नाही, हा पहिला नियम.

आसारीने दिलेली एक गोष्ट मात्र कामी आली. दोऱ्या सैल पडल्या की वर न बघताही मला कळायचं. काइट आकाशात कुठे आहे, हे नवख्या माणसाने बारवरच्या ओढीवरून ओळखायचं असतं. काही काइटचा बार इतका हलका असतो की हाताला काहीच सांगत नाही. तरबेज लोकांना तो आवडतो. माझी पहिली काइट मात्र हाताशी बोलणारी असावी, असं मला तेव्हाच वाटलं होतं. ते वाटणं मी खरेदीच्या वेळी विसरले.

२. काइट किती जोरात ओढते हे सगळे विचारतात. मीही तेच विचारलं होतं. ती ओढायची थांबते कशी, हा प्रश्न मला सुचायला फार वेळ लागला, आणि आज कोणी मला पहिल्या काइटबद्दल विचारलं तर मी यावरच सर्वांत जास्त वेळ बोलते.

घाबरलेलं माणूस हातातली वस्तू घट्ट धरतं आणि स्वतःकडे ओढतं. बसमध्ये ब्रेक लागला की आपण दांडी धरतो, तसंच. काइटच्या बारचं गणित नेमकं उलटं आहे. बार स्वतःकडे ओढला की काइट वाऱ्याला जास्त अंग देते आणि जोर वाढतो. बार दूर जाऊ दिला की ती वाऱ्याला धार दाखवते आणि जोर उतरतो. म्हणजे भीती वाटली की हात जे करतात, त्यानेच भीतीचं कारण वाढतं. पहिले चार दिवस मी दुसरं काही शिकले नाही. तो मुलगा मागून माझा हार्नेस धरून उभा असायचा आणि दर अर्ध्या मिनिटाला सांगायचा, “सोड गो, सोड.” येवल्याच्या गच्चीवर हातातून मांजा सुटणं म्हणजे पतंग गेला, नाक कापलं गेलं. इथे सोडता येणं हीच पहिली इयत्ता होती.

बार सोडल्यावर काइट खरोखर शांत होते का, हे मात्र तिच्या घडणीवर अवलंबून असतं. सुरुवातीच्या काळात सगळे इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या खोल कमानीच्या काइट वापरायचे. त्यांचा बार पूर्ण दूर गेला तरी बरीच ओढ शिल्लक राहायची, आणि त्या वर्षांत माणसं वाळूवर, दगडांवर आदळली. २००५च्या सुमारास जरा चपट्या कमानीच्या, मागची कड आत वळलेल्या ‘बो’ काइट बाजारात आल्या. बार सोडला की त्यांचा जोर जवळजवळ पूर्ण जातो. आजच्या बहुतेक सर्वसाधारण काइटमध्ये तो गुण कमी-अधिक उतरला आहे. ‘सी’ घडणीच्या काइट अजूनही मिळतात, देखण्या असतात, उड्या आणि कसरती करणारे त्या हौसेने घेतात. पहिली म्हणून ती घेऊ नये.

बार सोडूनही भागलं नाही तर हार्नेसपाशी क्विक रिलीज असतं. ते ढकललं की काइट एकाच दोरीवर लोंबते आणि निपचित पडते. त्याच्याही पुढे शेवटचा उपाय म्हणून सुरक्षादोरीचं रिलीज असतं. ते ओढलं की काइट आपली राहत नाही, समुद्राची होते. ही दोन्ही मी डोळे मिटून शंभर वेळा उघडली असतील, रात्री खोलीतल्या पलंगावर बसूनसुद्धा.

३. दुसऱ्याची काइट दुसऱ्याच्या वजनाची असते. वाक्य साधं आहे, मला ते ६०,००० रुपयांना पडलं.

शिकायला लागून दहा दिवसही झाले नव्हते. किनाऱ्यावर एक गृहस्थ आपली काइट विकत होते. बारा चौरस मीटरची, दोन हंगाम वापरलेली, बारसकट. ते म्हणाले, गोव्यात वारा मवाळ असतो, इथे बाराच लागते, मी रोज हीच उडवतो. त्यात खोटं काही नव्हतं. ते तीच उडवायचे आणि गोव्यातला वारा मवाळच असतो. फक्त त्यांचं वजन ७८ किलो होतं आणि माझं ५४.

वजन आणि वारा यांवरून काइटचा आकार काढायचा एक ढोबळ हिशेब आहे. किलोतलं वजन भागिले नॉटमधला वारा, गुणिले २.२. येईल तो आकडा चौरस मीटर. वारा १४ नॉट धरला तर त्या गृहस्थांना बाराच्या जरा वर येतं. त्यांची काइट त्यांना अगदी अंगासरशी होती. माझं उत्तर येतं साडेआठ. मी नऊ घ्यायला हवी होती, घेतली बारा. दुसऱ्याच्या अंगाला छान बसलेलं पोलकं बघून आपण घ्यावं, तसं. हा हिशेब नंतर त्या मुलाने पावतीच्या मागे करून दाखवला. आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. “तू विचारलं ना बाय,” तो म्हणाला. खरं होतं. मी त्याला न विचारताच पैसे दिले होते, कारण तो नको म्हणेल अशी मला मनातून भीती होती.

४. वाऱ्याचा वेग थोडा वाढला तर त्याचा जोर थोडा वाढत नाही. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, हे मी कॉलेजात शिकले होते आणि परीक्षेत लिहिलंही होतं. १२ नॉटचा वारा १७ नॉट झाला, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटरवरून ३१वर गेला, की त्याच काइटची ओढ दुप्पट होते. पाच नॉटचा फरक अंगावर नुसता येऊन गेला तर पदर जरा जास्त फडफडला, एवढंच वाटतं.

मार्चमधली दुपार होती, जागा आश्वेची. बारा मीटरची काइट मी तिसऱ्यांदाच उघडली होती. दीड वाजता वारा सौम्य होता, अडीचच्या सुमारास लाटांच्या माथ्यावर फेस दिसायला लागला. तो फेस मला दिसला होता. छान दिसतोय, असंही वाटलं होतं. काइट वर घेतली, ती डोक्यावर स्थिर उभी राहिली आणि मला पायांच्या बोटांवर उभं केलं तिने. टाचा वाळूला लागेनात. मग ती थोडी खाली झुकली, तिथे वाऱ्याचा सगळा भर असतो, आणि मी तोंडावर पडून ओढली गेले. पंधरा-वीस पावलं असेल. गुडघे सोलले, हनुवटीखाली वाळू रुतली. त्या वेळी काय केलं ते मला सलग आठवत नाही, पण हाताने रिलीज ढकललं होतं. काइट वाळूवर आडवी पडली आणि एकदम सगळं गप्प झालं. पुढे झोपड्यांचे खांब होते, तीस-चाळीस पावलांवर.

त्या रात्री मी घरी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी काइट विकायला काढली आणि घेणाऱ्याचं वजन आधी विचारलं. पंचाहत्तर किलोच्या एका माणसाला ती दिली. तो अजून तिच्यावर सुखात आहे.

५. काइट निवडण्याआधी किनारा निवडलेला असतो, आपल्याला ते ठाऊक नसतं इतकंच. भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे मला इतक्या वर्षांनी पुन्हा भेटले. दुपारी जमीन तापते, हवा वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा येतो; गोव्यात डिसेंबरपासून मेपर्यंत आम्ही त्याच्या भरवशावर असतो. तो वायव्येकडून तिरका किनाऱ्यावर येतो. ही दिशा शिकणाऱ्यासाठी फार चांगली, कारण काही बिनसलं तर वारा आपल्याला वाळूकडे आणून सोडतो. सकाळचा मतलई उलटा, जमिनीकडून समुद्राकडे. त्याच्यावर काइट काढायची नाही, तो कितीही गोड वाटला तरी.

गोव्याचा खारा वारा बहुतेक दिवशी १२ ते १६ नॉटच्या मधला. माझ्या वजनाला नऊची काइट तिथे बसते. पुढच्या वर्षी जूनमध्ये माझी दुसरी, नऊची काइट घेऊन मी रामेश्वरला गेले. तिकडे मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा असतो, वीस-बावीस नॉट सहज, आणि तो दिवसभर एकसारखा वाहतो. उथळ खाडीसारखं पाणी, कमरेच्या वर जात नाही, लाट नाही. जागा स्वप्नातली, पण माझी नऊ सहा दिवसांत दोनदाच पिशवीबाहेर आली. बाकीचे दिवस तिथल्या काइट शिकवणाऱ्या शाळेची सात आणि एकदा सहा. वीस नॉटला माझा हिशेब सहाच येतो ना.

म्हणून एका काइटमध्ये सगळा वारा मावत नाही. दोन लागतात आणि लोक तीन-तीन ठेवतात. पहिली कुठली घ्यायची याचं उत्तर मात्र सोपं आहे: ज्या किनाऱ्यावर वर्षातले सर्वांत जास्त दिवस जाणार, तिथल्या रोजच्या वाऱ्याची. सहलीच्या जागेची नाही. सहलीत शाळेची मिळते.

फळीबद्दल एकच सांगते. फळी जरा मोठी घेतली की कमी ओढीतही माणूस पाण्यावर उठतं आणि काइट एक आकार लहान चालते. माझ्या वजनाला १३२ सेंटिमीटरची पुरली असती, मी १४०ची घेतली. ती एक गोष्ट पहिल्याच फटक्यात बरोबर झाली.

६. समुद्रावर काइट उडवण्यापेक्षा पडलेली काइट उठवण्यात जास्त वेळ जातो, निदान पहिलं वर्षभर. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ब्रुनो आणि दोमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ साली हवा भरायच्या काइटचं पेटंट घेतलं, त्यामागेही हीच अडचण होती. पाण्यात पडलेली काइट पुन्हा उठली नाही तर तिचा उपयोग काय? त्यांनी पुढच्या कडेला आणि आडव्या पट्ट्यांत हवेच्या नळ्या घातल्या. काइट बुडेना, पाणी पिईना, तिचा आकार टिकला आणि वारा तिला पुन्हा उचलू शकला. आज आम्ही पंपाने फुगवतो ती काइट त्याच घराण्यातली. हे कळल्यापासून पंप मारताना मला त्या दोन भावांची आठवण येते. समुद्रात उभे राहून किती वेळा त्यांनी ओली कापडं ओढून आणली असतील.

तर, एकदा मी एका दुपारी सतरा वेळा काइट पाण्यात पाडली. मोजलं होतं. शाळेच्या गोलसर टोकांच्या काइटवर एका अंगाची दोरी हलकेच ओढून धरली की ती पाण्यावरून सरकत वाऱ्याच्या कडेला जाते आणि आपणच उठते. माझ्या बारा मीटरवाल्या धुडावर तेच करताना दहा-दहा मिनिटं जायची, वारा मंद असला तर उठायचीच नाही. तेवढ्यात लाटा मला आणि तिला एकत्र गुंडाळायच्या. घेण्याआधी पाण्यात पाडून बघा, असं कोणी विकत घेणाऱ्याला सांगत नाही. सांगायला हवं. दुसरी काइट घेताना मी तेच केलं: उसनी मागून घेतली, खोल पाण्यात मुद्दाम पाडली, चार वेळा उठवली, मग पैसे दिले.

आणि ती उठलीच नाही तर? दोऱ्या बारला गुंडाळत काइटपर्यंत जायचं, तिची टोकं धरायची आणि तिचंच शीड करून किनाऱ्याला लागायचं. हे शिकवतात. ज्याला हे जमत नाही त्याने काइट विकत घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

७. टीव्हीवर पाहिलेली काइट आपली नसते. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये काइटची शर्यत पहिल्यांदा आली, मार्सेलच्या समुद्रावर झाली. स्त्रियांत ब्रिटनची एली ऑल्ड्रिज आणि पुरुषांत ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोंटुस जिंकले. मी रात्री जागून पाहिलं, पाण्याच्या वर तरंगत जाणारी ती माणसं बघून डोळे भरून आले. त्या काइट लांबट आणि अरुंद, आत हवेच्या नळ्या नसलेल्या, वाऱ्यानेच फुगणाऱ्या. खालची फळी पाण्यातल्या पंखावर चालणारी. लांबट काइट वेगाने जाते, उचलते भारी, पण चुकीला माफ करत नाही आणि पाण्यात पडली की उठवायला अवघड. नवख्याला जरा बुटकी, रुंद, तीन आडव्या नळ्यांची काइट बरी. पाच नळ्यांची जास्त स्थिर असते, पण वजनाने जड. माझी तीन नळ्यांची आहे.

८. वापरलेली काइट घ्यायला हरकत नाही, वापरलेला बार घेताना मात्र हात आखडावा. कापड जुनं असलं तर काइट जरा मंद उडते. बार जुना असला तर प्रश्न जिवाचा असतो. क्विक रिलीजच्या रचना गेल्या काही वर्षांत बऱ्याच सुधारल्या, २०२०मध्ये त्यांच्यासाठी आयएसओचं मानकही आलं. दहा वर्षांपूर्वीचं रिलीज वाळू अडकून ताठ झालेलं मी स्वतः पाहिलं आहे, दोन्ही हातांनी ढकललं तरी हलेना. बार आणि काइट एकाच कंपनीचे आणि एकमेकांसाठीच केलेले असावेत. काही काइट चार दोऱ्यांच्या, काही पाच, आणि दोऱ्या जोडायची तऱ्हाही वेगवेगळी.

काइट तपासायला मी आता जे करते ते असं. सहा-सात पीएसआयपर्यंत फुगवायची आणि जेवायला जायचं. परत येऊन पुढच्या नळीवर बोट दाबायचं. मऊ लागली तर आतली पिशवी गळते आहे. कापड मुठीत चुरगाळून कानाशी न्यायचं, नव्या कापडाचा कागदासारखा आवाज होतो, उन्हाने मेलेल्याचा होत नाही. ऊन कापडाच्या पाठीमागे घेऊन त्यातून आकाश बघायचं, टाचणीएवढी भोकं चमकतात. पुढच्या कडेची शिवण बोटाने पूर्ण चाचपायची. वरच्या दोऱ्यांत छोट्या कप्प्या असतील तर त्या मोकळ्या फिरतात का बघायचं. शेवटी चारही दोऱ्या एका खुंटीला अडकवून बारने ओढायच्या. लांबीत फरक पडला असेल तर बार वाकडा उभा राहतो, आणि तशी काइट सतत एका अंगाला जाते. यातलं निम्मं मला आसारीनेच शिकवलं होतं. मांजात कुठे कच्चा धागा आहे हे गुंडाळताना बोटाला कळायचं, आणि दादाला सांगितलं तर तो तेवढा तोडून गाठ मारायचा. माझं ऐकायचा तो त्या एका बाबतीत.

९. रंग कुठलाही चालतो. मला जांभळा हवा होता, केशरी मिळाला. समुद्रात केशरी लांबून दिसतो, हे नंतर कळलं.

१०. शिकत असताना ज्या काइट हातात येतात, त्याच खरं तर दुकान असतात. पहिल्या दहा दिवसांत मी सात, नऊ आणि दहा मीटरच्या काइट उडवल्या असतील. एकीचंही नाव, आकार, त्या दिवशीचा वारा मी विचारला नाही. सगळं लक्ष उभं राहण्यावर. दुसऱ्या हंगामात एक वही केली. तारीख, जागा, वारा, कुठली काइट, कशी वाटली. ‘टाचा उचलल्या गेल्या’, ‘वळायला आळशी’, ‘दोन वेळा आपणच उठली’, अशा नोंदी. पंचवीस पानं भरल्यावर कुठली घ्यायची हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. घाई का केली होती पहिल्या वर्षी? याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, आयुष्यभर दुसऱ्याच्या पतंगाची आसारी धरल्यावर ‘माझी’ म्हणायला काहीतरी लवकर हातात हवं होतं. ती ओढ मी समजू शकते. तिला मी आज वाईटही म्हणणार नाही. फक्त त्या ओढीला दहा दिवस थांबवणारं कोणीतरी जवळ हवं होतं.

११. काइट एकट्याने घेता येते, एकट्याने उडवता येत नाही. निदान आपल्या पायरीवर तरी नाही. वाळूवर कोणीतरी तिची कड धरून उभं राहतं, आपण दोऱ्या ताणून बघतो, अंगठा वर करतो, मग तो माणूस ती सोडतो. उतरताना डोक्यावर हात आपटून खूण करायची, कोणीतरी धावत येऊन काइट पकडतं. कुठल्याही किनाऱ्यावर, कुठल्याही भाषेत ही खूण कळते. रामेश्वरला एका तमिळ मुलीने माझी काइट सहा दिवस धरली आणि मी तिची. आमची एकमेकींशी चार वाक्यंही झाली नसतील. म्हणून पहिली काइट घेणाऱ्याला मी आणखी एक बघायला सांगते: ज्या किनाऱ्यावर जाणार तिथे दुपारी दोन वाजता दुसरं कोणी असतं का?

गेल्या मार्चमध्ये दादा आणि वहिनी मोरजीला आले. त्याच्या गुडघ्यांचं दुखणं सुरू झालंय, आता गच्चीवर तो खुर्ची टाकून बसतो. दोन दिवस त्याने माझी केशरी नऊ नुसती पाहिली. कापड चोळून बघितलं, दोऱ्यांच्या गाठी उलट्यासुलट्या करून पाहिल्या, कप्प्या फिरवल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “धरू का गं मी?” वारा तेरा नॉटचा, सरळ, झुळका नसलेला. शिकवणारा मुलगा त्याच्या शेजारी उभा राहिला, कड कुठे धरायची, नजर कुठे ठेवायची हे सांगितलं. मी बावीस मीटर लांब, दोऱ्यांच्या या टोकाला. दोऱ्या ताणल्या, रिलीज हाताने चाचपलं, समुद्राकडे आणि मागे वाळूकडे बघितलं. अंगठा वर केला.

दादा हलला नाही. काइट फडफडत होती, त्याने ती छातीशी दोन्ही हातांनी गच्च धरली होती आणि माझ्याकडे बघत होता, चेहरा पार पांढरा. मी पुन्हा अंगठा वर केला. मुलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“सोड रे दादा,” मी ओरडले, “सोड!”